गाडीतून पक्ष्यांचे फोटो हलतात? जीन्सच्या पायाची उशी करा

इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावाच्या काठाला सारसाची जोडी दिसली की आपण दार उघडून खाली उतरतो आणि तिथेच फोटो जातो, कारण पक्षी गाडीला फारसे बिचकत नाहीत, माणूस दिसला की मात्र लांब सरकतात. म्हणून गाडीतच बसून राहायचं. पण मोठी लेन्स हातात धरली की दोन मिनिटांत हात थरथरतो, त्यावर हा घरचा उपाय.

१. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखालून कापा, एक तोंड दुहेरी शिवून टाका.
२. दीड-दोन किलो तांदूळ भरा, पण गच्च नाही हं, पाऊण भागच, म्हणजे मधे दाबलं की खळगा पडतो आणि लेन्स त्यात मस्त रुतून बसते. मग दुसरं तोंडही शिवा.
३. काच आधीच, लांब असतानाच खाली करा आणि खिडकीच्या कडेवर उशी ठेवा, तिच्यावर लेन्स टेकवायची. काच जवळ जाऊन केली की त्या आवाजाने मान वर होतेच.
४. थांबल्यावर इंजिन बंद. हे विसरू नका, चालू इंजिनची थरथर उशीतूनही लेन्सपर्यंत येते.

बसलेल्या पक्ष्याला १/२५० सेकंदाचा शटर स्पीडसुद्धा पुरतो, उडणाऱ्याला मात्र १/१६०० च्या पुढे न्या.

एक कळकळीने सांगते, पावसाळ्यात सारस पाणथळ शेतात घरटं करतात, तेव्हा घरट्याजवळ गाडी उभी करूच नका, आणि जोडी माना ताणून ओरडायला लागली तर फोटो राहू दे, तिथून निघा.