पोराबाळांसकट कायमचं कॅम्पिंग करायचं म्हणताय? मग हे आधी बघा

घर बंद करून पोरांना घेऊन कायमचं गाडीत-तंबूत राहता येतंय काय असं आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागातले बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही पाच जण, आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई, दिवाळीपासनं मे संपेपर्यंत असे राहिलो, एक जुनी ट्रॅव्हलर गाडी आणि एक मोठा तंबू. माझं म्हणणं सरळ आहे, राहता येतंय खरं बारा महिने नको, दिवाळी ते मृग एवढंच धरा. धनगर लोक बायकापोरांसकट मेंढरं घेऊन पिढ्यान्पिढ्या बाहेर राहतात, तेबी पाऊस बघूनच मुक्काम हलवतात, आणि आमच्या घाटाकडच्या कणकुंबी-जांबोटीचा पाऊस म्हणजे तंबू कितीबी भारी असू दे, आठवड्यात अंथरुणाला बुरशी.

गावातली एक खोली सोडू नका. आधार, बँक, रेशन, मतदान सगळं पत्त्यावर चालतंय. गाडीचं तर नीट बघाच, आपण केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंगवाले महाराष्ट्रात चंदगड-आजऱ्याकडं सहज जातो खरं दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथं नव्यानं रजिस्ट्रेशन करावं लागतंय. गाडीत बेड, ओटा बसवायच्या आधी आरटीओत विचारून घ्या, आरसीवर नसलेला बदल असला की अपघातानंतर इन्शुरन्सला भांडत बसावं लागतंय.

मुक्काम कुठं? जंगलात नाही. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय थांबायचंच नाही, अस्वलं आहेत, हत्तीबी येतात. आम्ही शेतकऱ्यांना विचारून मळ्यात उतरायचो. निपाणीकडं एका मामांना विचारलं, "मामा, दोन रात्री ऱ्हावू काय हितं?" तर म्हणाले, "ऱ्हावा की, खरं उसाजवळ चूल पेटवायची न्हाई बघा." तेव्हापासनं मळ्यात चूल बंद, फक्त गॅस, ५ किलोचा छोटा सिलिंडर. गोकाककडं गेलात तर दोन शब्द कन्नड येऊ द्या, "नीर सिगतद री?" एवढं विचारलं तरी माणसं कळशी भरून देतात.

पाण्याचा हिशोब मात्र सगळ्यात आधी. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज २० लिटरचा एक कॅन लागतोच, अंघोळ-धुणं वेगळं. राकसकोपसारख्या तलावात साबण लावू नका, ते बेळगावकरांचं पिण्याचं पाणी आहे.

लाईटचं सांगते. १५० एएचची (अँपिअर-तास) १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास, खरं लेड-ॲसिड असली तर निम्मीच वापरायची नाहीतर लवकर बसते, म्हणजे ९००. दोन डीसी पंखे रात्रभर, तीन एलईडी आणि मोबाईल मिळून आमचे ५०० च्या आत बसायचे. २०० वॅटचं सोलर पॅनल उन्हात ठेवलं की भरून निघतंय. ह्यांचं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळं मिटिंगच्या दिवशी चोर्ला-कणकुंबीकडं जायचंच नाही, रेंज येते-जाते.

आजारपणात एक गोष्ट कुणी सांगत नाही, माकडताप. १९५७ ला शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, पुढं गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातबी आला, म्हणजे आपल्या उशालाच. गोचीड चावून होतो, थंडी-उन्हाळ्यात, म्हणजे नेमका आपल्या फिरायच्या दिवसात. पाचोळ्यावर पोरांना बसू-लोळू देऊ नका, संध्याकाळी कानामागं, काखेत, कमरेच्या नाडीखाली हात फिरवून बघा, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता सरकारी दवाखान्यात कळवा. मी रोज कंदिलाजवळ दोघांना उभं करून बघायची, धाकट्याच्या मानेवर एकदा तिळाएवढी गोचीड सापडली, चिमट्यानं सरळ ओढून काढली आणि पुढं पंधरा दिवस ताप मोजत होते, तेवढं भ्यायले मी.

शाळेचा प्रश्न सगळ्यात जड. आमची पोरं चौथी-सहावीतली म्हणून निभावलं, तरी परत आल्यावर गणितात मागं पडली होती, आणि मैत्रिणी तुटल्या म्हणून मोठी रात्री रडायची. १४ वर्षं पूर्ण असतील तर एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळेतनं दहावी करता येते, मराठी माध्यमातनंबी, परीक्षा वर्षातनं दोनदा. खरं नववी-दहावीच्या पोराला त्याच्या मनाविरुद्ध नेऊ नका.

आणि म्हाताऱ्या माणसाची सोय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, उकिडवं बसता येत नाही, म्हणून फोल्डिंग कमोड खुर्ची आणि बाजूला उभा करायचा छोटा तंबू घेतला, सगळ्या सामानात तीच वस्तू पैसे वसूल. बायकांना कपडे बदलायला, पाळीच्या दिवसात आडोसा लागतो, हे पुरुष माणसं यादीत धरत नाहीत, तुम्ही धरा.

मिळालं काय? ह्यांनी सहा महिन्यांत पोरांशी जेवढं बोललं तेवढं सहा वर्षांत बोललं नव्हतं. हिडकल धरणाच्या पाण्यावर पक्षी बघत सासूबाई नातवाला जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवायच्या, घरी टीव्हीपुढं कधी म्हटल्या नाहीत. थोरली आता भाकरी थापते, आणि धाकटा कन्नडमधनं दुकानदाराशी भाव करतो. भांडणंबी झाली, कारण दार आपटून जायला दुसरी खोलीच नसते, म्हणून रोज एक तास ज्यानं त्यानं एकटं बसायचं असा नियम केला आणि तो पाळला.

सुरुवात स्वतःच्या नाहीतर पाव्हण्यांच्या मळ्यात चार रात्री राहून करा, घरात पाऊल टाकायचं नाही. पाचव्या दिवशी ज्या सामानाला हात लागला नाही ते उतरवा, आमची दोन पोती निघाली.