राणीबाग प्लस मुंबई, एका दिवसात कसं बसवायचं

बाहेरगावाहून पाहुणे आले आणि सोबत पोरं असली की राणीबाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणीसंग्रहालय, ठरलेलीच असते, आणि मग कोणीतरी हळूच म्हणतं की निघतोच आहोत तर गेटवे, हाजीअली, सिद्धिविनायक, चौपाटी पण करून टाकू, जमलं तर एलिफंटा सुद्धा. नाही जमत. अर्धा दिवस टॅक्सीत जातो, पोरं रडकुंडीला येतात आणि संध्याकाळी कोणालाच धड काही बघितल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे माझा सरळ सल्ला असा की सकाळी भायखळा, दुपारनंतर फोर्ट, आणि मधे फक्त लोकल. भायखळ्याहून सँडहर्स्ट रोड, मस्जिद आणि लगेच सीएसएमटी, दहा-बारा मिनिटांचं काम, सिग्नलची कटकट नाही.

आधी वार बघा, मग बाकीचं ठरवा. बुधवारी राणीबाग बंद असते. पण बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग चालू ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी गुरुवारी बंद, हे खूप जणांना माहीत नसतं आणि गुरुवारी गेटवरून परत फिरतात. आवारातलंच भाऊ दाजी लाड म्युझियम पण बुधवारी बंद. एलिफंटा आणि नेहरू तारांगण सोमवारी बंद. म्हणजे मंगळवार किंवा शुक्रवार सगळ्यात सेफ. रविवारी आणि दिवाळीच्या, नाताळच्या, मे महिन्याच्या सुट्टीत गर्दी एवढी असते की प्राण्यांपेक्षा माणसंच जास्त दिसतात, पण नोकरीवाल्यांना पर्याय नसतो, तर निदान गेट उघडायच्या आधी पोचा.

पोचायचं कसं तर भायखळा स्टेशन, मध्य रेल्वे, फास्ट पण थांबते. पूर्वेला बाहेर पडलात की दहा मिनिटं चालायचं. वेस्टर्नवाल्यांनी दादरला बदलायचं. मेट्रो ३ भायखळ्याला जात नाही, मॅपवर जवळ दिसतं म्हणून महालक्ष्मीला उतरलात तर पुढे परत टॅक्सी आलीच. आणि हो, या भागात रिक्षा नाहीत, रिक्षा सायन-बांद्र्याच्या अलीकडे येतच नाहीत, पुण्या-नाशिकची मंडळी उगाच हात दाखवत उभी असतात. भायखळा स्टेशनची इमारत पण जरा थांबून बघा, देशातल्या सगळ्यात जुन्या स्टेशनांपैकी एक आहे, मध्यंतरी नीट डागडुजी केली त्याला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळालाय. पुण्याहून डेक्कन क्वीनने येत असाल तर दादरलाच उतरा आणि लोकल पकडा, सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटं यायची गरज नाही.

बाग साडेनऊला उघडते. तिकीट मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५, आणि आईबाबा अधिक दोन मुलं असं फॅमिली तिकीट १००, पेंग्विन त्यातच आले. ऑनलाइन काढता येतं, रविवारी तर काढाच. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवून या.

आत गेल्यावर कुठून सुरुवात करायची हे वारावर ठरवा. रविवार असेल तर डोळे मिटून पेंग्विनकडे, कारण अकरानंतर ती लाइन वाढतच जाते. आतला कक्ष थंडगार असतो आणि पोरं काचेला नाक लावून हलायला तयार नसतात, त्यात मागून पुढे चला पुढे चला चालू, त्यामुळे फोटो बिटो जे काय ते पटकन. हे हम्बोल्ट पेंग्विन, म्हणजे मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, २०१६ मध्ये सोलहून आणले आणि २०१७ मध्ये लोकांना बघायला खुले केले. बर्फातले पेंग्विन नाहीत हे पोरांना आधीच सांगून ठेवा नाहीतर बर्फ कुठाय बर्फ कुठाय सुरू होतं. मधला वार असेल तर मात्र उलटं करा, आधी वाघ, बिबट्या, अस्वल, कारण ऊन चढलं की ते सावलीत आडवे होतात आणि मग फक्त पाठ दिसते. पेंग्विनना काय, एसी आहे, ते दुपारी पण पोहतात. आत चालत जाता येतं असा पक्ष्यांचा मोठा पिंजरा आहे, तो माझ्या मते पेंग्विनपेक्षा भारी, पण लोक तिथून भरभर निघून जातात. सगळं मिळून अडीच तास धरा.

झाडांकडे पण बघा यार. ही बाग १८६२ मध्ये वनस्पती उद्यान म्हणून सुरू झाली, प्राणी नंतर आले. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी असली झाडं शहरात दुसरीकडे सहज एकत्र बघायला मिळत नाहीत.

आता खरी गोष्ट, जी बहुतेक लोक सोडून देतात. बागेच्या गेटपाशीच भाऊ दाजी लाड म्युझियम आहे, वेगळं तिकीट, पण तिथे जाच. १८७२ मध्ये सुरू झालं तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजींचं नाव दिलं, ते मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, डॉक्टर, आणि मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ. आत जुन्या मुंबईचे नकाशे आहेत आणि वेगवेगळ्या जातीधर्माच्या, धंद्यांच्या लोकांच्या छोट्या मातीच्या मूर्ती, प्रत्येकाची पगडी वेगळी. पोरांना हे आवडतं, मोठ्यांना वाटतं कंटाळतील म्हणून आणत नाहीत.

म्युझियमच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. लोक त्याच्या शेजारी सेल्फी काढतात आणि जातात. हा घारापुरीचा हत्ती, पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली तोच. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायला उचलला, क्रेनने दगा दिला, हत्ती पडून तुकडे झाले, ते तुकडे इथे आणले आणि १९१४ मध्ये जोडून परत उभा केला. जवळ जाऊन अंगावरून नजर फिरवा, सांधे दिसतात. आणि म्युझियमच्या मागच्या बाजूला गेलात तर काळा घोडा, ज्याच्यावरून फोर्टातल्या काळा घोडा भागाला नाव पडलं तो. खरा, ओरिजिनल. घोड्यावर सातवा एडवर्ड, युवराज असतानाचा पुतळा, १९६५ मध्ये फोर्टातून उचलून इथे ठेवला. तिथेच व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा पण आहे, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी शहराला दिलेला.

म्हणूनच मी म्हणतो राणीबागेनंतर फोर्ट. पोरांना सांगायचं, आता हा घोडा आधी कुठे उभा होता ते बघायला जाऊ. तेवढ्या एका गोष्टीवर ती पुढचा अर्धा दिवस चालतात, नाहीतर जुन्या बिल्डिंगी दाखवायला मुलांना ओढत नेणं म्हणजे शिक्षाच.

साडेबारा-एकला निघा, लोकलने सीएसएमटी. जेवणाला स्टेशनसमोर आराम आहे, वडापाव, मिसळ, पियुष, किंवा जरा आत पंचममध्ये पुरीभाजी. बसायला जागा मिळेलच असं नाही, पण लाइन पटपट सरकते. मग रस्त्यापलीकडे महापालिकेच्या इमारतीसमोर फोटोसाठी केलेला व्ह्यूइंग डेक आहे, तिथून सीएसएमटीची पूर्ण इमारत दिसते. १८८८ मध्ये बांधून झाली, २००४ पासून जागतिक वारसा. इथे पंधरा मिनिटं बास.

पुढे दादाभाई नौरोजी रोडने चालत. दुपारचं ऊन असलं तरी इमारतींखालच्या कमानींतून सावलीत जाता येतं, फेरीवाल्यांमधून वाट काढत. हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटन आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक, तिथून काळा घोडा पाच-सात मिनिटं. तिथे २०१७ मध्ये नवा घोडा बसवलाय, पण पाठीवर कोणी नाही. राजा गेला, घोडा राहिला, पोरांना याची मजा वाटते. समोर जहांगीर आर्ट गॅलरी, फुकट, थंड, आणि थकलेल्या माणसांना निवांत टेकायला चांगली जागा. शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पण ते त्याच दिवशी करू नका असं माझं मत, एका दिवसात दोन म्युझियम म्हणजे दुसऱ्याचा अपमान. ज्यांना परत मुंबईत यायचं नाहीये त्यांनी फार तर तासभर खालचा मजला बघा. गेटवे तिथून दहा मिनिटं, संध्याकाळी तिथेच संपवा.

पोरं फारच लहान असतील, पाच वर्षांच्या आतली, तर फोर्टचं चालणं झेपणार नाही. मग दुपारी टॅक्सी करून वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र किंवा तारांगण घ्या, दोन्हीकडे डोक्यावर छप्पर आहे. जुन्या याद्यांमध्ये अजून तारापोरवाला मत्स्यालय असतं, ते बंद आहे, पोरांना कबूल करून बसू नका.

एलिफंटा दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला गेटवेहून पहिल्या लाँचने. जायलाच तास लागतो, वर पायऱ्या, त्यामुळे राणीबागेच्या दिवशी शक्यच नाही. पण राणीबागेत हत्ती बघून मग बेटावर जाणं यात मजा आहे, तिथे लाँचमधून उतरल्यावर पोरं विचारतात हत्ती कुठे उभा होता. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच रद्द होतात तेवढं बघून घ्या.

त्याच दिवशी पुण्याला परतणाऱ्यांसाठी, डेक्कन क्वीन सीएसएमटीहून पाच दहाला सुटते, म्हणजे गेटवे सोडून द्या आणि काळ्या घोड्यावरूनच चारला मागे फिरा. जड बॅगा असतील तर सीएसएमटीच्या क्लोकरूमचं गणित या प्लॅनमध्ये नीट बसत नाही कारण तुम्ही दादरला उतरणार, त्यापेक्षा पाठीवर मावेल तेवढंच सामान आणा.