अर्धशिशी असताना अर्ध्यावर सोडता येईल असा दिवस कसा आखावा

मी पुण्यात कोथरूडला राहते. घरूनच सहा दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं करते. गेली २२ वर्षं मला अर्धशिशी आहे. महिन्यातून तीनदा, कधी चारदा. पहिली काही वर्षं मी सगळं नेट लावून वेळेत संपवायला बघायची आणि नेमकं विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला अंथरुणात असायची. आता माझा एकच नियम आहे. काम असो, सहल असो, उपास असो, ते मध्येच सोडून उठता आलं पाहिजे. ज्यांना हे दुखणं आहे त्यांच्यासाठी, आणि घरातल्यांसाठीही, मी हे कसं जमवते ते लिहिते.

आधी वही करा. माझी वही म्हणजे गेल्या वर्षीची एक डायरी आहे. तारीख, झोप किती, जेवण किती वाजता, पाळी, ऊन, कोणती गोळी, दुखणं किती तास. एवढंच. तीन महिने लिहिल्यावर मला दिसलं की डोकं दुखायच्या आदल्या दिवशी मला सारख्या जांभया येतात, मान आखडते आणि गोड खावंसं वाटतं. मला वाटायचं, गोडामुळे दुखतं. डॉक्टरांनी समजावलं की तशी इच्छा होणं हीच पुष्कळदा दुखण्याची सुरुवात असते. तेव्हापासून जांभया सुरू झाल्या की मी दुसऱ्या दिवशीचं अवघड काम त्याच संध्याकाळी उरकते किंवा दुकानदाराला फोन करून पुढे ढकलते.

त्याच वहीने संकष्टी सोडायला लावली. चंद्रोदय कधी नऊला, कधी दहाच्या आसपास, आणि तोवर पोटात चहाच. माझ्या दर तिसऱ्या नोंदीशेजारी चतुर्थी होती. सासूबाईंना वही दाखवली. त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, "तू दोन्ही वेळा जेव, अथर्वशीर्ष म्हण, पुरे." हे घरात बोलायला मला १४ वर्षं लागली. तुम्ही इतकी थांबू नका. उपास करायचाच असेल तर दर तीन-चार तासांनी राजगिरा, दाणे, ताक असं काहीतरी पोटात जाऊ द्या.

गोळीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखणं सुरू होताच घ्यायची, ठणका वाढेपर्यंत सोसत बसायचं नाही. पण दिवस मोजायचे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (खास अर्धशिशीची गोळी) किंवा मिश्र गोळी (एकीतच दोन-तीन औषधं असलेली) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखू लागू शकतं. माझ्या वहीत गोळीच्या दिवशी लाल टिंब असतं. सात टिंबं झाली की मी डॉक्टरांना कळवते.

आता संगणक. एकदा एक्सेलच्या शीटमधला आकड्यांचा एक पट्टाच दिसेनासा झाला आणि त्याच्या कडेला चमकती नागमोडी रेघ हलायला लागली. मी मॉनिटर दुरुस्तीला दिला. त्या माणसाने स्क्रीन बदलायला सांगितली आणि मी बदललीही. पुढच्या महिन्यात नव्या स्क्रीनवर तेच. म्हणून आधी समोरच्या भिंतीकडे बघा. रेघ भिंतीवरही दिसली तर स्क्रीन ठीक आहे. मग एकेक डोळा झाकून बघा. दोन्हींना दिसत असेल तर बहुतेक ती अर्धशिशीची आधीची झलक असते, पाच मिनिटांपासून तासाभरात जाते. एकाच डोळ्याला दिसलं तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पहिल्यांदाच असं काही झालं असेल तर दोन्ही वेळा दाखवाच.

झलक दिसत असताना आकडे भरू नका. मला १८ मधला ८ दिसलाच नव्हता.

संगणकाच्या बारीकसारीक कटकटी चांगल्या दिवशी बसून काढून टाका. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स इथे जाऊन अ‍ॅनिमेशन इफेक्ट्स बंद करा, खिडक्या उघडताना सरकायच्या थांबतात. अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्येच टेक्स्ट साइझ वाढवा. विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये अ‍ॅक्टिव्ह अवर्स स्वतःच्या कामाच्या वेळेप्रमाणे लावा, नाहीतर तुम्ही अंधाऱ्या खोलीत पडलेल्या असताना संगणक आपोआप बंद-चालू होतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ऑटोरिकव्हर १० मिनिटांवर असतं ते २ वर आणा. मला उठावं लागतं तेव्हा नीट बंद करायचं भान नसतं.

क्रोममध्ये कोपऱ्यात सारखे उडणारे निरोप म्हणजे कधीतरी आपणच 'अलाउ' दाबलेलं असतं. सेटिंग्जमधल्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून नको ती नावं काढा. एखाद्या दिवशी 'व्हायरस आला, या नंबरवर फोन करा' अशी पूर्ण स्क्रीन भरते आणि भोंगा वाजतो. ठणकत्या डोक्याने माणूस तो नंबर फिरवतोच. फिरवू नका. आधी आवाज बंद करा, एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

बाहेर पडणं मी सोडलेलं नाही, तुम्हीही सोडू नका. माझी सगळ्यांत आवडती जागा जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, खडकातच कोरलेलं महादेवाचं लेणं. रस्त्यावरून आत उतरलं की हवा गार होते, हॉर्न मागे पडतात. तो गोल नंदीमंडप, त्याच्या दगडी खांबांची सावली आणि आतला अंधार डोळ्यांना फार बरा वाटतो. मी वनाज मार्गावरची मेट्रो पकडून छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरते आणि पुढे चालत जाते. रिक्षाचा धूर नाही, वाहतूककोंडी नाही, आणि परतीची गाडी थोड्या मिनिटांत मिळते हा मोठा आधार. पर्वतीच्या टेकडीवर मात्र मी फक्त डिसेंबर-जानेवारीत, सकाळी सातच्या आत जाते. एप्रिलच्या उन्हात त्या दगडी पायऱ्या उतरताना डोळे दिपून मी एकदा मध्येच बसून राहिले होते.

गणपतीत मानाचे गणपती बघायचे तर कामाच्या दिवशी सकाळी. कसबा पेठ स्थानकावर उतरून कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग असं चालत होतं. केसरीवाडा दुसऱ्या दिवशी. ढोलपथकं सुरू व्हायच्या आत मी घरी असते.

पिशवीत कडा असलेली टोपी, पाणी, गूळ-दाणे, गोळी, आणि मळमळीसाठी एक प्लास्टिकची पिशवी. सोबत येणाऱ्याला घरून निघतानाच सांगा, "मी 'चल' म्हटलं की का म्हणून विचारायचं नाही, उठायचं." माझी मैत्रीण गेल्या मार्गशीर्षात पाताळेश्वरला डबा उघडून बसली होती. मी चल म्हटलं. तिने झाकण लावलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि स्थानकापर्यंत एक शब्द बोलली नाही.

हे सगळं नेहमीच्या दुखण्यासाठी. क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी न झालेली डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, असं काही दिसलं तर वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं असं दुखू लागलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आमच्या फ्रिजवर हे सगळं सासूबाईंच्या अक्षरात लिहून लावलेलं आहे, कारण तेव्हा फोन करणारी मी नसेन.