ब्लोअरचे मॉड्यूल बदलण्यापूर्वी

आयटीआयमधला मोटर मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण करून मी नाशिकच्या एका गॅरेजात उमेदवारी करत होतो, तेव्हा ऑटोमॅटिक एसीची एक गाडी आली. तिचा ब्लोअर, म्हणजे आत हवा फेकणारा मोटरचा पंखा, मध्येच पूर्ण वेगाने सुटत असे आणि मध्येच ठप्प होत असे. मी ब्लोअरचा वेग ठरवणारे कंट्रोल मॉड्यूल बदलले, ब्लोअर सुरळीत चालला, आणि पंधरा दिवसांनी तीच गाडी त्याच तक्रारीसह दारात उभी राहिली.

या वेळी मिस्त्रींनी मोटर उतरवून माझ्या हातात दिली आणि पंखा बोटाने फिरवायला सांगितला. तो अर्धा वेढा अडखळत फिरून थांबला. केबिन फिल्टर कुणीतरी काढूनच टाकला होता, त्यामुळे वाळकी पाने आणि धूळ थेट पंख्यात जाऊन बसली होती. मोटरचा दांडा ज्यांत फिरतो ते बुशही कोरडे पडले होते. अशी जड झालेली मोटर जास्त अँपिअर ओढते आणि तो सगळा भार मॉड्यूलवर येतो.

साध्या, हाताने वेग बदलायच्या एसीत ब्लोअरचा वेग कमी करण्याचे काम रेझिस्टर करतो. त्याचा थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापल्यावर तुटणारा फ्यूज, उडाला की खालचे वेग बंद पडतात, पण शेवटचा वेग रेझिस्टरला वळसा घालून जात असल्यामुळे चालू राहतो. ऑटोमॅटिक एसीच्या मॉड्यूलमध्ये मात्र ट्रान्झिस्टर असतो. मोटरला कमी व्होल्टेज देताना उरलेली शक्ती ज्या मॉड्यूलमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते, ते पूर्ण वेगापेक्षा मधल्या वेगांवर अधिक तापते. म्हणूनच त्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हवेच्या मार्गात बसवलेल्या असतात आणि मॉड्यूल बाहेर लोंबकळत ठेवून ब्लोअर चालवून पाहणे ही नवशिक्याची महागडी चूक ठरते.

नवा भाग मागवण्यापूर्वी फ्यूज पाहावा, मग मॉड्यूलच्या कपलरवर, म्हणजे वायर जोडायच्या प्लगवर, पुरवठा, अर्थिंग आणि वेगाचा सिग्नल तिन्ही येतात का, हे तपासावे. तिन्ही ठीक असतील आणि मोटर थेट बॅटरीवर, मध्ये फ्यूज घालून, नीट फिरत असेल, तरच मॉड्यूलवर संशय घ्यावा. मोटरचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडावा. कपलरची एखादी पिन काळवंडलेली किंवा प्लॅस्टिक वितळलेले दिसले, तर कपलरही बदलावा. सैल पिन तापते आणि नवा भागही जाळते.

प्रत्यक्ष बदल फारसा अवघड नाही. बऱ्याच गाड्यांत ग्लव्ह बॉक्स उतरवला की दोन स्क्रूंवर बसलेले मॉड्यूल दिसते. तत्पूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावे, कारण डाव्या बाजूच्या डॅशबोर्डात एअरबॅग असते. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावू नये.

त्या गाडीला मोटर, फिल्टर आणि आणखी एक मॉड्यूल लागले. दुसऱ्या मॉड्यूलचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेतले नाहीत. ते माझ्या स्टायपेंडमधून दोन महिन्यांत वळते झाले.