उन्हातून आल्यावर गार पेय घेण्याआधी

एप्रिल-मे महिन्यांत अथणी-चिकोडी भागात दुपारचे ऊन अंगाची काहिली करते, आणि निपाणीच्या बसस्थानकावर उतरलेला माणूस साहजिकच समोरच्या फ्रीजमधील बाटलीकडे वळतो. त्या बाटलीवरील बारीक अक्षरांतला तक्ता एकदा अवश्य वाचावा. कोलासारख्या पेयात दर १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सात-आठ चमचे साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, तेव्हा एका बाटलीतच ती मर्यादा ओलांडली जाते. शिवाय घामावाटे गेलेले मीठ अशा पेयातून पुरेसे भरून येत नाही.

पेयाचा गारवा हा मुख्य दोष नव्हे. मात्र बर्फगार पेय घटाघटा प्यायल्याने कपाळात कळ येते, म्हणून सावलीत दोन मिनिटे टेकून घोट-घोट प्यावे. खरी धास्ती गाड्यावरच्या बर्फाची आहे, कारण तो अशुद्ध पाण्याचा असल्यास जुलाब, कावीळ किंवा विषमज्वर होऊ शकतो. गोठल्याने सगळे जंतू मरत नाहीत.

घरून माठातले पाणी आणि मीठ-जिरे घातलेले पातळ ताक सोबत न्यावे. खानापूरकडची आमसुले भिजवून केलेले, बेताच्या गोडीचे सरबतही चांगले. मूत्रपिंडाचा आजार वा रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाबाबत डॉक्टरांना विचारावे. उन्हात कोणी बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काहीही न ओतता अंग ओले करून वारा घालावा आणि तातडीने १०८ ला कळवावे.