ऑक्सिजन दिसला नाही म्हणून बाटल्या ओतू नका

प्रॅक्टिकल सुरू झाली की दर वर्षी त्याच चुका समोर येतात. पाण्यातले जीवाणू उजेडावर कार्बन कसा धरतात हे पाठ असतं, पण बाटली हातात आली की सगळं विसरतं.

सगळ्यात जास्त छळणारी समजूत म्हणजे ऑक्सिजन वाढला तरच कार्बन स्थिर झाला (म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून सेंद्रिय पदार्थ बनला). गोव्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरातून एकदा चिखल आणला होता. वर हिरवा थर, त्याखाली जांभळट, तळाशी काळा आणि कुजक्या अंड्यांचा वास. एका मुलाने जांभळा थर वेगळा करून दोन बाटल्या लावल्या, एक उजेडात, एक काळ्या कागदात गुंडाळून. दुसऱ्या दिवशी दोन्हींत ऑक्सिजन नाही. "मॅडम, मेलेत हे," म्हणत त्याने दोन्ही बेसिनमध्ये ओतल्या. एक थेंब स्लाइडवर राहिला होता म्हणून बरं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सरसर फिरत होत्या आणि त्यांच्या पोटात गंधकाचे कण लखलखत होते.

हे जांभळे गंधक-जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइडकडून इलेक्ट्रॉन घेतात. म्हणून मागे ऑक्सिजन नाही, गंधक उरतो. कार्बन मात्र ते वनस्पतींसारखाच कॅल्व्हिन चक्राने, म्हणजे कार्बन बांधणाऱ्या अभिक्रियांच्या साखळीने बांधतात. पाण्याऐवजी सल्फाइड वापरलं की ऑक्सिजनऐवजी गंधक उरतो, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व्हॅन नील यांनी १९३० च्या दशकातच मांडलं होतं. मी आधी दुरून वास घेते (नाक बाटलीत घालू नका, तो वायू विषारी आहे), मग स्लाइड बघते, मगच बाटल्या लावते. वास असेल तर ऑक्सिजन मोजत बसत नाही, सल्फाइड किती घटलं ते बघते.

दुसरी चूक घाईची. स्पिरुलिना (धाग्यांसारखा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळा-हिरवा जीवाणू) लवकर वाढावी म्हणून एकीने रात्रभर टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडला. सकाळी पीएच १० वरून ७ च्या आसपास, आणि हिरवेगार धागे पिवळट पडून तळाशी गोळा झालेले. तीन आठवड्यांची मेहनत गेली. स्पिरुलिनाला अल्कधर्मी पाणी लागतं. ती वाढवायच्या झारूक माध्यमात (पोषक द्रावणात) लिटरला १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट असतं ते उगीच नाही. सायनोबॅक्टेरिया बायकार्बोनेट पंपाने आत ओढतात, कार्बॉक्सिसोम नावाच्या पेशीतल्या कप्प्यात त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात आणि तिथेच रुबिस्कोच्या, म्हणजे कार्बन पकडणाऱ्या एन्झाइमच्या पुढ्यात ठेवतात. हे एन्झाइम मंद, वर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनलाही फसतं, म्हणून हा सगळा खटाटोप. वायू द्यायचाच तर पीएच मीटर समोर ठेवून, थोडा थोडा, आणि दिवसाच.

आकृतीत कार्बॉक्सिसोमभोवती पेशीपटलासारखं पटल दाखवू नका, ते प्रथिनांचं कवच आहे.

रुबिस्को नाही म्हणजे स्थिरीकरण नाही, असं लिहू नका. हिरवे गंधक-जीवाणू रुबिस्कोशिवाय, क्रेब्स चक्र (अन्न जाळून कार्बन डायऑक्साइड सोडणारं चक्र) उलटं फिरवून कार्बन बांधतात.

कार्बन स्थिरीकरणासाठी वापरला जाणारा "अंधारातील अभिक्रिया" हा शब्द तर पुस्तकातून काढून टाकावा असं मला मनापासून वाटतं. मुलं खरंच रात्री स्थिरीकरण मोजायला बसतात. पण सायनोबॅक्टेरिया तेव्हा दिवसा साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) जाळत असतात.

मिठागराचं गुलाबी पाणी दिसलं की तेही जांभळे जीवाणू, असं ठरवून मोकळे होऊ नका. त्या रंगात बरेचदा मीठप्रिय आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटाचे सूक्ष्मजीव) असतात. ते प्रकाश वापरतात, पण त्यावर कार्बन बांधत नाहीत.

आणि नमुना गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून आणू नका. मे महिन्यात पणजीला पोचेपर्यंत तो शिजलेला असतो.