क्लासिक रॉकसाठी स्वस्तात जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताना या चुका टाळा

सत्तरच्या दशकातील रॉकचा भरदार आवाज हवा म्हणून जुनी गिटार शोधणारा माणूस बहुधा आधी नावाच्या आणि सालाच्या मागे लागतो. 1958 ते 1960 या काळातील सनबर्स्ट रंगाची गिब्सन लेस पॉल आज लाखो डॉलरना विकली जाते. पण त्या आवाजासाठी तिची गरज नाही. लेड झेपेलिनच्या 1969 मधील पहिल्या अल्बमवर जिमी पेजने बहुतांशी फेंडर टेलिकास्टर वाजवली होती. त्या आवाजाचा मोठा वाटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (काचेच्या व्हॉल्व्ह-नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) पुरेसा चढवून वाजवण्यात आहे. त्यामुळे सगळे पैसे गिटारवर घालून ती सरावाच्या लहानशा अ‍ॅम्पला जोडली, तर पदरी निराशाच येते.

खिशाला परवडणाऱ्या पर्यायांत जपानी गिटार आघाडीवर आहेत. मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात तयार झालेल्या ग्रेको, टोकाई कंपनीने काढलेल्या अमेरिकन गिटारच्या प्रतिकृती आणि 1982 मध्ये सुरू झालेल्या फेंडर जपानची सुरुवातीची मॉडेल्स या सगळ्यांनी चांगले नाव कमावले आहे. मात्र ‘लॉसूट गिटार’ (म्हणजे कोर्टात दावा झालेली जपानी नक्कल) या बिरुदासाठी जादा पैसे मोजू नयेत. गिब्सनच्या मालक कंपनीने 1977 मध्ये केलेला दावा आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतील वितरकावर होता, तोही हेडस्टॉकच्या (तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाच्या) आकारावरून, आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. ग्रेको किंवा टोकाईचा त्याच्याशी संबंध नव्हता. शिवाय जपानी म्हणजे उत्तमच असेही नाही, कारण त्या काळच्या स्वस्त मॉडेल्समध्ये प्लायवूडची बॉडी सर्रास आढळते.

केवळ सीरियल नंबरवरून साल ठरवणे ही दुसरी मोठी चूक आहे. गिब्सनने 1970 ते 1975 दरम्यान तेच सहा अंकी नंबर पुन्हापुन्हा वापरले, आणि फेंडरचा नंबर 1976 पर्यंत नेकमागच्या (नेक म्हणजे गिटारचा लांब दांडा) पट्टीवर असे, जी स्क्रू काढून कोणालाही बदलता येते. अमेरिकन गिटारचे झाकण उघडून पॉटवरचा (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा) आकडा पाहावा. 1377633 असे असेल, तर 137 म्हणजे सीटीएस ही कंपनी, 76 हे साल आणि 33 हा आठवडा. याचा अर्थ एवढाच, की पॉट मूळचा असल्यास गिटार त्याआधीची असू शकत नाही. सोल्डर ताजे, चकचकीत दिसले तर पॉट बदललेला असण्याची शक्यता धरावी.

माझ्या मते खरा फायदा सदोष गिटारमध्येच आहे. हेडस्टॉक तुटून नीट जोडलेली, पुन्हा रंगवलेली किंवा पिकअप (तारांची कंपने विद्युतसंकेतात बदलणारा भाग) बदललेली गिटार संग्राहकाला नकोशी असते, म्हणून ती बरीच स्वस्त मिळते, आणि वाजवणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. तडजोड नेकबाबत मात्र करू नये. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाहावे: कागद सरकेल एवढी फट ठीक, फट बरीच मोठी असूनही ट्रस रॉडचा (नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईचा) नट आणखी आवळायला जागाच उरली नसेल, तर सौदा सोडून द्यावा. फ्रेट झिजलेले असल्यास ते बदलण्याचा खर्च आधीच किमतीतून वजा करून बोली लावावी.

घरी आणल्यावर आवाज बोदा वाटला, की लोक थेट पिकअप बदलतात. सत्तरच्या दशकातील अनेक गिब्सनमध्ये 300 किलोओहमचे व्हॉल्यूम पॉट असतात. तेथे 500 किलोओहमचे बसवले, की तेच पिकअप मोकळे होतात. नॉब फिरवताना येणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा जाते. काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवावा, कारण पुढे गिटार विकताना त्याचेही पैसे येतात.

सोबत जुना अ‍ॅम्प मागवणाऱ्यांनी त्याचा व्होल्टेज पाहावा: जपानी अ‍ॅम्प 100 व्होल्टचा, अमेरिकन 120 व्होल्टच्या आसपासचा, आणि आपल्याकडे 230, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय तो कधीही लावू नये. गिटार कोरड्या हवेतून ऐन पावसाळ्यात मुंबई-कोकणात आली, तर काही दिवस ती तशीच राहू द्यावी आणि मगच ट्रस रॉडला हात लावावा, तोही एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही.